साडेअकराची सांजप्रार्थना

जिन्सी,

रात्रपाळी करून झोपलीस म्हणून उठवलं नाही. रोसमोळला घेऊन शेजारच्या शोशाम्माकडे गेलेय, तिला दिलेली पोरीची शेळी बघायला. पुट्टू वाफवून ठेवलाय. आधी खा, मग काय चिडायचं ते चीड.

पोरीला मी खरं सांगून टाकलं, तुम्ही कायमचे चाललात ते. म्हणे आयर्लंडला सुट्टीला चाललोय! सुट्टीला जाणारी माणसं शेळी देऊन टाकतात होय गं? सात वर्षांची आहे ती, खुळी नाही. आठ दिवस ताटाला शिवत नव्हती ती त्यापायीच.

वाटलं, आता रडेल. तर मलाच विचारते, "अम्मच्ची, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर तुझ्यासमोर हात जोडून 'येशूची स्तुती असो' कोण म्हणणार? तू एकटीच बसणार?" म्हटलं, फोनवर म्हण की. तर म्हणते, "तेव्हा तिथे दुपार. मी शाळेत."

मग माझ्या लेकाने, तुझ्या नवऱ्याने, मोजून सांगितलं, तिथे शाळेआधी सकाळचे सात म्हणजे इथे सकाळचे साडेअकरा. तर आता संध्याकाळची प्रार्थना मी साडेअकरालाच करणार. चर्चचे अच्चन काही बोलले तर त्यांचं मी बघून घेईन. एवढं ऐकलं आणि पोरीने पुट्टू मागून खाल्ला.

हॉस्पिटलातून यायला तुला उशीर व्हायचा, तेव्हा सातची प्रार्थना कुणासाठी थांबत नाही म्हणून तुला किती बोलले, ते विसरले नाही मी. शोशाम्मापुढे मात्र यातलं काही काढू नकोस.

तिथे रोज सातला तूही तिच्याशेजारी उभी राहा. उशीर झाला तर थांबेन मी.

अम्मच्ची