तुमच्या नावाचे गहू

आबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एकदाही हाक मारली नाही. राग होता. लोक म्हणायचे, गांजाने खाल्लं त्याला, आणि मीही तेच धरून बसले. सासरी कोणी विचारलं बाप कशाने गेला, तर सांगायचे छातीच्या रोगाने, आणि मनात म्हणायचे गांजाने. आज लिहायला बसले ते तुमच्या नातीमुळे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला वही दिली, रोज मनात येईल ते लिही म्हणून. पोरीने चार दिवस लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. म्हणे, "घे, तूच लिही. तुलाच जास्त बोलायचं असतं." मी चौथी शिकलेली बाई, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तरी घेतली. घरी आणलेल्या साड्यांचे सुटे धागे कापून झाले की दोन ओळी लिहिते आणि वही गठ्ठ्याखाली सारते.

पोरगी बावीस वर्षांची आहे. साड्यांची पार्सलं भरायच्या कामावर जायची, कोसाडहून शेअर रिक्षाने. चांगली चलाख होती, मला गुजरातीत उलट उत्तरं द्यायची. दोन महिन्यांपूर्वी जाणं बंद झालं. अंथरुणातून उठेना, केसाला फणी लावेना, ताट पुढे ठेवलं तर भाताकडे बघत बसायची. मला वाटलं आळस. रोज ओरडायचे, "उठ की गं, बारा वाजले! राणी आहेस का कुठली?" मग एक दिवस तिच्या क्लिपांचा डबा उघडला तर आत पुडी. डबा उघडला आणि आधी वास आला, आबा. तुमच्या बनियनचा वास. तीस वर्षांत नाक विसरलं नव्हतं. मी एक ठेवून दिली थोबाडीत. ती रडली नाही, हात वर केला नाही. म्हणाली, "मार अजून. मला काही लागतच नाही, आई." तरी माझं तोंड चालूच. म्हटलं, "येत्या कानबाईसमोर शपथ घ्यायची. नाही तर रोटाला हात लावू देणार नाही." बोलले आणि कळलं. ते शब्द माझे नव्हते, मोठ्या काकांचे होते.

तुम्हाला काय सांगायचं, पण लिहिते. आपण खानदेशातून इथे गुजरातेत साच्यांवर, कापडाच्या मागांवर, आलो, भाषा अर्धी गुजराती झाली, पण श्रावणातली कानबाई कोणी सोडली नाही. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळून त्याचे रोट करायचे आणि भाऊबंदांनी मिळून खायचे, बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. तुमच्या शपथेच्या वर्षी मी तेरा वर्षांची असेन. काकांनी सगळ्यांदेखत तुम्हाला देवीपुढे उभं केलं आणि हातावर नारळ ठेवून वदवून घेतलं की गांजाला शिवणार नाही. तुम्ही म्हणालात, नाही शिवणार. आई रडली, काकांनी पेढे वाटले. काम झालं असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

तुम्ही सोडलात. पण चांगले झाला नाहीत, आणि ते कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ओढत होता तेव्हा निदान संध्याकाळी थोडं हसायचात. साच्यांच्या खात्यातून बॉबिनवरचा उरलेला रंगीत धागा आणायचात, माझ्या वेणीत गुंफायचात. साच्यावर तुटलेला धागा तुम्ही जोडलात की गाठ हाताला लागायची नाही, असं शेठसुद्धा सांगायचा. सोडल्यावर तीच बोटं मांडीवर नुसती पडून राहायची. आई म्हणायची, हे आधीपासूनच असे, लग्नाच्या आधीही गावी आठ आठ दिवस विहिरीजवळ बसून राहायचे, कोणाशी शब्द नाही. पण हे तिने तुम्ही गेल्यावर सांगितलं. तेव्हा आम्ही फक्त हात हुंगायचो. हाताला वास नाही ना, मग माणूस बरा आहे. झालं.

आणि मग ती दुपार. पॉवरची सुट्टी, वीज नाही, त्यामुळे खातं बंद. आपल्या तेव्हाच्या लिंबायतच्या खोलीत पत्रा तापलाय, आई बाहेर गेलीय, मी दारात साडीचे धागे कापतेय. तुम्ही खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलाय. मग वळता, माझा हात धरता आणि जवळ बसायला सांगता. "जराशी बठ ना मन्हाजोडे." तुमच्या डोळ्यांतून पाणी चाललंय, आवाज नाही, नुसतं पाणी. मी हात सोडवते. म्हणते, "मला वेळ नाही, गठ्ठा द्यायचाय." तेवढ्यात आई दारात येते, तुमचा माझ्याकडे पसरलेला हात बघते आणि मला बाजूला घेऊन विचारते, "काय मागत होते गं?"

ते पुढे लिहिते. आधी दवाखान्याचं.

पोरीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. मी सरळ म्हटलं, "बाई, गांजा सोडवा हिचा, बाकी काही नाही हिला." डॉक्टरीणबाई गुजराती, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी. म्हणाली, "बेन, आधी काय आलं? उदासी की गांजा?" मी म्हटलं, "गांजाच. नाही तर चांगल्या पोरीला काय धाड भरलीय?" पोरगी खाली बघून म्हणाली, "आधी झोप गेली. मग काहीच गोड लागेना. ओढलं की दोन तास बरं वाटायचं. आता तेही वाटत नाही." हे मला ठाऊकच नव्हतं, एका घरात राहून. डॉक्टरीणबाई म्हणाली, कोणी उदास म्हणून ओढतं, कोणी ओढून ओढून उदास होतं, आणि पुष्कळांचं असं गुंततं की टोक सापडत नाही. ओढणं थांबायला हवंच, त्याने उदासी वाढतेच. पण नुसती पुडी काढून घेतली आणि आतलं तसंच ठेवलं तर माणूस एकटा पडतो. दोन्हींचा इलाज बरोबर करायचा. मी उलट बोलायला तोंड उघडलं, पण समोर तुमची बोटं दिसली, मांडीवर पडलेली.

मग तिने विचारलं, घरात आधी कोणाला होतं का. मी काही बोलायच्या आधी पोरगीच म्हणाली, "माझे आजोबा. देवीसमोर शपथ घेऊन सोडला आणि वर्षाच्या आत परत मागायला लागले." डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं, गोळ्या आणि वही दिली. येताना रिक्षात पोरगी माझ्याकडे न बघता म्हणते, "एवढ्या देवीसमोर आबांना जमलं नाही, तर मला काय जमणार? आपल्यात टिकतच नाही कोणाचं."

हे तिला कोणी सांगितलं? मीच. लहानपणापासून, धडा म्हणून. आणि ते खोटं आहे, आबा.

त्या दुपारी आईने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "पुडी मागत होते." बाप रडतो हे सांगायला जीभ वळेना. पुडी सगळ्यांना कळते. रडण्याला काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं. आईने काकांना सांगितलं. आठ दिवसांनी कानबाईचे गहू मोजायला बसले, सगळ्यांच्या मुठी झाल्या, तुमचं नाव आलं आणि काकांनी हात आखडला. "शपथ मोडणाऱ्याचे गहू नाहीत." तुम्ही नाही म्हणाला नाहीत. एकदा माझ्याकडे बघितलंत, आणि चप्पल घालून बाहेर गेलात. वर्षभर त्या पुडीला हात लावला नव्हतात, हे त्या खोलीत तुम्हाला आणि मला, दोघांनाच माहीत होतं. नंतर ताप आला, खोकला आला. तुम्ही गेल्यावर गादीखाली दवाखान्याच्या गोळ्या सापडल्या, एकही गिळलेली नव्हती. पुढची होळी तुम्ही पाहिली नाही.

काल पोरीला सांगितलं. कापायची साडी मांडीवर होती, मान खाली घालूनच सांगितलं. म्हटलं, "तुझ्या आजोबांनी शपथ मोडली नव्हती. मी खोटं बोलले होते. त्यांना जमलं होतं, आम्हालाच त्यांच्याजवळ बसणं जमलं नाही." मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडायलाच हवं होतं. ती भिंतीकडे सरकली, गादीवर जागा केली आणि म्हणाली, "मग आता बस."

बसले. पंख्याचा आवाज होता तेवढाच. दहा मिनिटांत मला उठावंसं वाटलं, आबा, गठ्ठा अर्धा राहिला होता. स्वभाव कुठे जातो? पण उठले नाही. कमरेला कळ आली तरी तशीच बसले. आज सकाळी तिने गोळी माझ्यासमोर गिळली आणि केस विंचरायला माझ्यापुढे पाठ केली. तेवढंच. कामावर गेली नाही.

येत्या कानबाईला तिच्या नावाने सव्वा मूठ गहू मी घेणार आहे. पोरींचे घेत नाहीत, माहीत आहे. मोठे दीर बोलतील, बोलू देत. तुमचे मात्र आता घेता येणार नाहीत.

ही वही डॉक्टरीणबाईंना दाखवायची आहे म्हणे. ही पानं मी आधीच फाडून ठेवीन. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आबा. येत असतं तर एक ओळही लिहायची माझी हिंमत झाली नसती.