चार बोटं जनेल

३ ऑक्टोबर
माडीवरच्या आतल्या खोलीच्या खिडकीला सागवानी बीडिंग, म्हणजे शोभेची पट्टी, मारून झाली. स्वतः मारलं, सुतार नाही. असं फिनिशिंग अख्ख्या डिचोलीत कुणाकडे नसेल. सत्यवती म्हणते, जनेल आता चार बोटंच उघडतं, दारं पट्टीला अडतात. बायकोच अशी बोलते. लाकूड नवं आहे, बसेल.

६ ऑक्टोबर
बसलं नाही. दमट हवेचा दोष. सत्यवतीने मला न विचारता माझ्या धाकट्या भावाला, गौरेशला, बोलावून दाखवलं. त्याने फटीत हात घालून बघितला आणि विचारलं, भाई, ह्यातून वारा जाणार की नुसतं पोस्टकार्ड? सख्खा भाऊ. सोलकढी दिली नाही.

९ ऑक्टोबर
क्षमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ही खोली तिचीच. पट्टी बघून म्हणाली, बाबा, सुंदर. सत्यवतीला ऐकू जावं म्हणून परत म्हणायला लावलं. घरात एक तरी माझ्या बाजूने आहे.
तरी निश्चय: रविवारी कडा घासणार. अर्ध्या तासाचं काम.

१३ ऑक्टोबर, रविवार
घासल्या नाहीत. पॉलिश जाईल. टेबल फॅन आणला. फॅन असला की खिडकी तशी शोभेचीच वस्तू. सत्यवती फोन घेऊन अंगणात गेली. पटलं असावं.

१५ ऑक्टोबर
क्षमा गेली. पेडण्याला, मावशीकडे. म्हणाली, बाबा, खोलीत जीव घुसमटतो, तिथे वारा आहे. बॅग भरलेली, रिक्षा दारात. सत्यवती पदराने डोळे पुसत होती. म्हणजे माझं पहिलं नातवंड साडूच्या घरी येणार, आणि तो जन्मभर ऐकवणार. साडूच्या खिडक्यांना साधा रंगसुद्धा नाही.
जेवलो नाही. पावासारख्या दोन पोई खाल्ल्या, ते जेवण नव्हे.

१७ ऑक्टोबर
पट्ट्या काढल्या. काम इतकं पक्कं होतं की सोबत गिलावा आला, चौकटही हलली. तळहाताला फोड. पण जनेल भिंतीपर्यंत उघडलं. वारा असा आला की कॅलेंडर उडालं. पोरीसाठी बाप काय करू शकतो ते आज कळलं. क्षमाला फोन केला. लगेच म्हणाली, उद्या येते. बिचारी वाटच बघत असणार.

१८ ऑक्टोबर, सकाळी
क्षमा आली, झोपली आहे बाहेरच्या खोलीत, आत अजून गिलाव्याची धूळ आहे. मी जनेलाशी चहा घेत बसलो. खाली सत्यवती शेजारच्या सुविधाशी बोलत होती. पट्टी होती तोवर इथे खालचं काहीच ऐकू येत नसे. आज शब्दन् शब्द आला.
क्षमाला कसलीच घुसमट होत नव्हती. फॅनखाली मस्त झोपायची. सत्यवती म्हणाली, "मीच तिका सांगितलं, दोन दिवस मावशीकडे जा. नायतर हे पट्टीक हात लावणार नाहीत." रिक्षा गौरेशने ठरवलेली. साडूलाही सगळं माहीत. सुविधा इतकी हसली की तिला ठसका लागला.
बायको, भाऊ, साडू, पोटची पोर. मला सोडून सगळ्यांना ठाऊक.
मी ऐकलंय हे त्यांना कळावं म्हणून जनेल धाडकन लावायचं ठरवलं. उठलो. ओढलं. चौकट वाकडी झालेली, दार अर्ध्यावर अडकलं. आणखी जोर केला. चार बोटंही हललं नाही.
दोघींनी वर बघितलं. सत्यवतीने विचारलं, आणखी चहा हवा काय.
अर्धा कप घेतो म्हटलं.