स्टिअरिंगवरचं बोट

रविवार, १९ ऑक्टोबर

प्रिय आर्डिस,

चौदा महिने तुला एक ओळ लिहिली नाही, माफ कर. आपल्या दोघींच्या घरांमध्ये मक्याचं एक शेत, एवढंच अंतर. परवा कापणी झाली आणि माझ्या स्वयंपाकघरातून तुझा व्हरांडा पुन्हा दिसायला लागला. गुडघा कसा आहे? जिना कमी चढत असशील अशी आशा.

तुझ्या नवऱ्याच्या, व्हर्लिनच्या दफनानंतर मी तुझ्या दारात ठेवलेलं नूडल्सचं भांडं तू धुऊन परत पाठवलंस. तळाला माझ्या नावाची चिकटपट्टी तशीच होती. सोबत चिठ्ठी नव्हती. मी मात्र भांड्यात हात घालून पाहिलं.

माझी ब्रिन सतरा वर्षांची झाली. शाळेत चालत जाते, दोन मैल. गाडीचा परवाना गेला त्याचं तिला काही वाटत नाही. कोर्टाने सांगितल्याप्रमाणे आसपासच्या शाळांत जाऊन बोलते: 'गाडी चालवताना मी गाणं बदलत होते. चार सेकंद. पत्रांच्या पेटीपाशी व्हर्लिन बेकर उभे होते.' पालक रडतात. घरी आली की ती जेवत नाही.

कोर्टात तू एकच वाक्य बोललीस. 'त्याने हात वर केला होता, तिने बोट उचललं नाही.' वकील शहरातला, त्याला काही कळलं नाही. आम्हा बाकीच्यांना कळलं. आपल्या रस्त्यावर समोर माणूस दिसला की नमस्कारादाखल स्टिअरिंगवरचं एक बोट वर होतंच, आणि ब्रिनचं तर कधी चुकलं नव्हतं. व्हर्लिन मला चिडवायचा, आठवतं? 'ग्रंथपालबाई, पोरगी तुमच्यापेक्षा बरी चालवते. निदान माझी पेटी तरी पाडत नाही.' एकदाच पाडली होती मी, पण सात वर्षं ऐकवलं त्याने.

शाळेतला तो करारनामा तुला माहीत असेल. मूल परवाना घेतं तेव्हा ते आणि आईवडील, सगळे सही करतात. शाळेची ग्रंथपाल म्हणून त्याची भाषा मीच लिहिली. मुलांसाठी सहा कलमं लिहिली आणि पालकांसाठी एकच: मूल गाडी चालवत असताना मी त्याला फोन करणार नाही किंवा निरोप पाठवणार नाही. आमची प्रत अजून फ्रिजवर आहे.

पण आमच्या घरात आणखी एक नियम होता, कुठेही न लिहिलेला. आईच्या निरोपाला दोन मिनिटांत उत्तर द्यायचं, नाहीतर आठवडाभर किल्ली मिळणार नाही. मला त्या नियमाचा अभिमान होता. आमची पोरगी लगेच उत्तर देते, असं मी इतर आयांना सांगायचे.

त्या दुपारी मी लिहिलं, 'येताना अंडी आण.' उत्तर आलं नाही. मग लिहिलं, 'ब्रिन?'

आर्डिस, माझ्या फोनवर नकाशा उघडा होता. तिच्या गाडीचा निळा ठिपका तुझ्या वळणाकडे सरकत होता. ती चालवतेय हे मला दिसत होतं, तरीही मी लिहिलं. मग ठिपका थांबला आणि मला वाटलं, चला, आता उत्तर देईल.

गाणं नव्हतंच, माझा निरोप होता. शेरीफच्या पोलिसाला गाण्याचं पहिल्यांदा तिने सांगितलं, मी शेजारी उभी असताना. तिने गुन्हा कबूल केला, म्हणून पुढे कुणी फोन तपासला नाही. ते खरं नाही, असं मी म्हणाले नाही. आधी वाटलं ती गोंधळली आहे, मग वाटलं सांगून व्हर्लिन थोडाच परत येणार आहे. अशी कारणं मी चौदा महिने पुरवून वापरली.

गुरुवारी आमच्याच शाळेत तिचं बोलणं आहे, नव्या पालकांसमोर. करारनामे मी वाटणार होते. काल भांडी पुसताना ती म्हणाली, "आई, तू नको येऊस."

"का गं?"

"तू समोर बसलीस की मला खोटं बोलायला जड जातं."

एवढं बोलून तिने फडकं वाळत टाकलं आणि विचारलं, "उद्याच्या सामानात अंडी नाहीत ना?" त्या दिवसापासून आमच्या घरात अंडी येत नाहीत. आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नव्हतो.

हे तुला लिहून मी माझं ओझं तुझ्या पायरीवर ठेवतेय का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. थोडंफार तसं आहेच. पण तू चौदा महिने एका मुलीवर रागावली आहेस आणि तो राग चुकीच्या घरावर नाही, फक्त चुकीच्या माणसावर आहे. तो माझा आहे. मला दे. गुरुवारी तिच्याआधी मी बोलणार आहे, पण सगळ्यांत आधी तुला कळायला हवं होतं. क्षमा मागत नाही.

तुझी शेजारीण,
मार्ला

उद्यासाठी, माझी मलाच आठवण: हे पत्र पेटीत टाकायचं नाही. शेतातून चालत जाऊन आर्डिसच्या हातात द्यायचं.