भोजनगृह झालेल्या अभ्यासिकेचे कुलूप काढण्याबाबत

प्रति,
मा. क्षेत्रीय अधिकारी साहेब,
क्षेत्रीय कार्यालय, पहिला मजला, पुणे.

अर्जदार : श्रीमती शालन कोंडीराम ओव्हाळ, वय ५२, रा. पाणंद वस्ती, वारजे, पुणे.

विषय : अभ्यासिका ही अभ्यासिकाच असल्याचे मान्य करून तिचे कुलूप तातडीने काढणेबाबत.

संदर्भ : आपल्या निरीक्षकांनी दारावर डकवलेली नोटीस. (अर्धी पावसाने गेली. उरलेली अर्धी सोबत जोडली आहे.)

महोदय,

१. अर्जदार सकाळी कर्वेनगरला लोकांच्या घरी पोळ्या लाटते. यंदा मार्चमध्ये तिने १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीची परीक्षा बाहेरून दिली. सगळे विषय सुटले, इंग्रजी राहिले. त्याचा पुरवणी पेपर या महिनाअखेरीस आहे. अभ्यासाला तिला एकच जागा होती, वस्तीतली अभ्यासिका. तिला आपण कुलूप ठोकले आहे. कशासाठी ठोकले हे आपल्याला माहीत नसावे, असे धरून अर्जदार पुढचे लिहीत आहे. माहीत असून ठोकले असेल तर आणखी कडक अर्ज करता येईल.

२. घरी अभ्यास का करत नाही, हे आपल्या कार्यालयात दोघांनी विचारले, म्हणून सांगते. घर एका खोलीचे. मुलगा विक्रम रात्रभर हिंजवडीच्या कंपन्यांची गाडी चालवतो आणि दिवसा झोपतो. इंग्रजी मोठ्याने वाचल्याशिवाय अर्जदाराच्या डोक्यात शिरत नाही. पहिल्याच दिवशी तिने धडा काढला, तर विक्रम दचकून उठला आणि डोळे मिटूनच म्हणाला, "येस सर, टू मिनिट्स सर, गेटवरच आहे." नंतर हात जोडून म्हणाला, "आई, तू मराठीत काय वाटेल ते वाच, शिव्या दे, पण इंग्रजी नको. साहेब गाडीत बसलाय असं वाटतं." तेव्हापासून अर्जदार दुपारी अभ्यासिकेत बसत असे.

३. अभ्यासिकेचे छप्पर गळते. ते दुरुस्त करायला निधी हवा म्हणून आमच्या भागातल्या जिव्हाळा नागरिक मंचाने २४ मे रोजी, रविवारी, स्नेहभोजन ठेवले. प्रवेशिका काढल्या, मांडव घातला. प्रमुख आकर्षण म्हणून नवे नगरसेवक सार्थकदादा यांचा फोटो छापला. फोटो जिलबीच्या फोटोपेक्षा मोठा होता. वस्तीने आनंदाने मदत केली. अर्जदाराने स्वतः तिथल्या पोळ्या लाटल्या, हे ती आता कबूल करते आणि पस्तावते.

४. दादांचे सहायक आदल्या दिवशी पाहणीला आले. त्यांनी विचारले, "दादांच्या हस्ते काय आहे?" मंचाचे अध्यक्ष दिग्विजयराव म्हणाले, "छपरासाठी निधीसंकलन." सहायक म्हणाले, "अहो, छपराला फीत कशी बांधणार? दादा फितीशिवाय येत नाहीत." यावर बैठक बसली आणि फीत अभ्यासिकेच्या दाराला बांधायचे ठरले. अभ्यासिका गेली कित्येक वर्षे उघडीच आहे हे अर्जदाराने सांगितले. तिला कांदे चिरायला पाठवले गेले.

५. रविवारी आचाऱ्याने उन्हाला कंटाळून शेगड्या अभ्यासिकेत मांडल्या. टेबलांवर मसालेभाताची पातेली आली. दारावर कोणीतरी 'भोजन इकडे' असा पुठ्ठा लावला. लोक साडेबारापासून पाने मांडून बसले होते. दादा तीनला आले. त्यांनी फीत कापली, पुठ्ठा वाचला, वास घेतला आणि माईकवर म्हणाले, "गोरगरिबांसाठी उभारलेल्या या भोजनगृहाचं उद्घाटन झालं, असं मी जाहीर करतो." साहेब, त्या क्षणी मांडवात सुशिक्षित माणसांची कमतरता नव्हती. एकाने जरी 'दादा, अभ्यासिका' म्हटले असते तर हा कागद वाया गेला नसता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भूक लागली होती.

६. अर्जदार उठून बोलू लागली, तर दिग्विजयरावांनी तिला पदराला धरून बसवल्यासारखे केले. "अहो ताई, पाहुण्यांची चूक माईकवर कशी काढायची? बरं दिसत नाही." आमच्याकडे पाहुण्याची चूक झाली की पाहुणा बदलत नाहीत, वस्तुस्थिती बदलतात. दादा मात्र जेवले नाहीत. अधिक महिन्यात ते एकभुक्त असतात, असे कळले. भोजनगृहाचे उद्घाटन करून ते उपाशी परतले.

७. नंतर साप्ताहिकात बातमी आली, 'वारजेत भोजनगृह सुरू'. मंचाने ते कात्रण आभारपत्राला जोडून आपल्या कार्यालयात दिले. आपल्या निरीक्षकांनी ते वाचले आणि ते तडक तपासणीला आले. भोजनगृहाला अन्न परवाना नाही. अग्निशमन नळकांडे नाही. खरकट्याची सोय नाही. कुलूप. आत बाके आणि पुस्तके होती, एक पोरगी भूगोल वाचत होती. तिलाही बाहेर काढले.

८. अर्जदार आपल्या कार्यालयात आली. निरीक्षक म्हणाले, "मावशी, उद्घाटन झालंय म्हणजे झालंय. अभ्यासिका म्हणून उघडायची तर आधी भोजनगृह बंद झाल्याचा दाखला आणा." दाखल्याच्या खिडकीवर उत्तर मिळाले, "बंद करायला ते आधी चालू हवं. परवाना काढा, चालवा, मग बंद करा." म्हणजे अर्जदाराने दहावी होण्यासाठी प्रथम खानावळ काढावी आणि ती बुडवावी, असा आपल्या कार्यालयाचा सल्ला आहे. बुडवणे जमेल. वेळ नाही.

९. मंचाकडे गेली. दिग्विजयराव म्हणाले, निधी अभ्यासिकेच्या छपरासाठी जमवला, आता तिथे भोजनगृह आहे, तेव्हा त्या छपरावर तो खर्च करणे नियमात बसत नाही. दादांच्या कार्यालयात गेली. सहायक म्हणाले, "उद्घाटन मागं घेतल्याचा फोटो कसा काढणार?" वर समजूत घातली, की मंचाच्या पुढच्या स्नेहभोजनात 'पन्नाशीतली विद्यार्थिनी' म्हणून दादांच्या हस्ते अर्जदाराचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, फोटो. अर्जदाराने विचारले, विद्यार्थिनीने अभ्यास कुठे करायचा? ते म्हणाले, "ते नंतर बघू, आधी साडी कोणती नेसणार ते सांगा."

१०. साहेब, अर्जदार आयुष्यभर दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहिली आहे. बसून वाचायला मिळालेली ही एकच खोली होती आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून तिचेही स्वयंपाकघर केले. राग त्याचा आहे. नापास झाली तर ती स्वतःच्या चुकीने होईल, फितीच्या चुकीने होणार नाही.

११. तरी विनंती, की कुलूप ताबडतोब काढावे. भोजनगृह कधीच नव्हते असे लिहिणे जड जात असेल, तर ते जेवण संपल्यावर बंद झाले असे लिहावे. तेही खरेच आहे.

१२. निर्णय होईपर्यंत अर्जदार उद्यापासून रोज दुपारी दोन ते पाच आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसेल. तिथे पंखा चांगला आहे आणि त्या वेळेत दालनात कोणी नसते, हे तिने या फेऱ्यांत पाहून ठेवले आहे. शिपायाने याला आंदोलन समजू नये. आंदोलनाला परवानगी लागते, अभ्यासाला लागते असे अजून तरी कोणी जाहीर केलेले नाही. कोणाला जाहीर करायचे असल्यास त्यांनी पेपर होईपर्यंत थांबावे.

आपली, नम्र राहून दमलेली,
शालन कोंडीराम ओव्हाळ
वारजे, दि. ११ जून २०२६

सोबत :
१) परीक्षेच्या प्रवेशपत्राची झेरॉक्स
२) उरलेली अर्धी नोटीस
३) साप्ताहिकातील कात्रण. (फोटोत दादांच्या मागे, पातेल्यांच्या आड जो फळा अर्धवट दिसतो आहे, त्यावर 'शांतता राखा' असे लिहिले आहे. भोजनगृहात असे कोणी लिहीत नाही.)