कुंपणाबाहेरचे ओक

१४ फेब्रुवारी २००४

हे आणि मी बाकावर बसलो होतो. मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा, थर्मासच्या एकाच झाकणातून आळीपाळीनं चहा. इथं जर्मनीतल्या रानाच्या आमच्या तुकड्यात नुकतीच ओकची रोपं लावली होती — मोठ्या वादळानं आमचे स्प्रूसचे वृक्ष आडवे केले, त्यानंतरच्या वसंतात. एक हरणी आली. सरळ आली, माहेरी आल्यासारखी! ह्यांनी माझं मनगट धरलं. "हलू नकोस." तिनं एका रोपाचा शेंडा खुडला, चावला, आमच्याकडे बघितलं, मग दुसऱ्याचा खुडला. आणि हे हसत होते. स्वतःच्या हातानं खड्डे खणले होते त्यांनी!

आज आठवलं कारण पत्र आलंय. मार्चमध्ये गावातल्या रानमालकांची सभा. शिकारीचा हक्क शिकाऱ्यांना भाड्यानं देतात ती हीच मंडळी, आणि पुढच्या तीन वर्षांत किती हरणं मारायची तेही हात वर करून ठरतं. दर वेळी हे जायचे, "कमीच मारा" म्हणून हात वर करायचे. हे जाऊन दोन वर्षं होतील. सातबारा आता माझ्या नावावर. हातही माझाच.

२२ फेब्रुवारी

शेजारचे हेर, म्हणजे श्रीयुत, एबर्ले लाकडं फोडून द्यायला आले. शिकारीचा करार त्यांच्याच नावावर आहे. आल्याचा चहा दिला. पहिल्यांदा प्यायले होते तेव्हा ठसका लागला होता, आता मागून घेतात.

"फ्राउ प्रधान, फॉरेस्टवाल्यांना दुप्पट हरणं मारून हवीत. तुमचे मिस्टर आमच्या बाजूनं असायचे. तुम्हीही ना?"

मी मान हलवली. आपली मान — बघू, ऐकतेय, बरं. त्यांचा चेहरा खुलला. इतकी वर्षं इथं राहून मला कळायला हवं होतं, इथल्यांना मान हलली म्हणजे होच. लगेच सांगायचं तर जीभ उचलली नाही.

७ मार्च

एबर्लेंचा मुलगा माथियास रानात घेऊन गेला. तोही शिकारीच, बापाबरोबर बंदूक धरायला शिकलेला, पण नोकरी फॉरेस्टची. रोपं लावली तेव्हा ह्यांना विचारून त्यानं आमच्या तुकड्यात एक लहानसा चौकोन जाळीच्या कुंपणानं बंद केला होता. हरणांना आत जाता येत नाही, एवढंच. त्यानंतर मी तिकडे नीट पाहिलंच नव्हतं.

आत ओक माझ्या खांद्याला आलेत. शिवाय कुणी न लावलेली कितीतरी झाडं. बाहेरचे ओक गुडघ्याएवढे — तेच, त्याच दिवशी लावलेले! शेंडे खाऊन खाऊन कुंडीतल्या शोभेच्या झुडपांसारखे झालेत.

माथियासनं त्यातल्या एकाचा खुडलेला शेंडा बोटानं दाखवला. ते लागलं.

चढावर धाप लागली. दोनदा थांबले.

२० मार्च

सभा झाली. गावच्या खानावळीत. रीतीप्रमाणे जेवण शिकाऱ्याकडून — हरणाचं मटण आणि श्पेट्झलं, इथल्या जाड शेवया. मी ताट रिकामं केलं. आम्ही सीकेपी, मटणाला नाही म्हणणारे नव्हे. मग हरणांचं एवढं वाईट का वाटावं?

बापलेक सगळ्यांसमोर भांडले.

माथियास म्हणाला, "वर म्हातारी झाडं आहेत, खाली पोरंच नाहीत. असलं जंगल किती दिवस टिकेल?"

"मग कुंपणं घाला!" एबर्ले.

"सगळ्या रानाला? पापा, मग ते रान नाही, कोंबड्यांचं खुराडं."

लोक हसले. एबर्ले लाल झाले. "तुला हरिण म्हणजे चार पायांची कात्री!"

"आणि तुम्हाला जंगल म्हणजे शिंगं टांगायची भिंत!"

कुणी हसलं नाही. एबर्ले हळू आवाजात म्हणाले, "बर्फात त्यांना गवत मी नेतो. लंगडी कुठली, वांझ कुठली, मला ठाऊक. आणि हात वर करायचा हक्क मला नाही. माझं वीतभर रान नाही."

खरं आहे. बापलेकांपैकी कुणालाच मत नाही. मत मला. मी आयुष्यात झुरळ सोडून काही मारलेलं नाही.

"जास्त मारावीत म्हणणारे?" अध्यक्षांनी विचारलं.

मी हात वर केला. शाळेतल्यासारखा, कोपर सरळ. थोडक्यात मंजूर झालं.

बाहेर कोट घालताना एबर्ले म्हणाले, "तुम्ही मान हलवली होती."

२१ मार्च

ऊर्मिलाचा डार्मश्टाटहून फोन. "आई! तू? बाबा असते तर?"

बाबा असते तर हरणीकडे बघून हसले असते. आणि त्यांचे ओक तसेच खुजे राहिले असते. दोन्ही खरं आहे गं.

लहानपणी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातल्या सिस्टर आग्नेस निजायच्या आधी विचारायला लावायच्या, आज कुणाला दुखवलंस? एबर्लेंना. हरणांना. कदाचित ह्यांनाही.

१८ एप्रिल

परसाच्या कुंपणापलीकडून एबर्लेंचं रोजचं नमस्काराचं "ग्र्यूस गॉट" नाही. लाकडं माथियासनं फोडली.

६ सप्टेंबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदयाची झडप. ऑपरेशन लागेल, लगेच नाही. ऊर्मिलाला इतक्यात सांगणार नाही.

९ ऑक्टोबर

सकाळी बाकावर बसले होते. जवळच बार झाला. एकच.

आमच्याच तुकड्याच्या कडेला एबर्ले टोपी काढून उभे होते. पायाशी हरणी. त्यांना बघून वाटलं, परत फिरावं. पण फिरले नाही.

त्यांनी ओकची एक डहाळी मोडली. गुडघ्यावर बसले — वेळ लागला, त्यांचेही गुडघे माझ्यासारखेच — आणि ती डहाळी हरणीच्या तोंडात ठेवली. हलकेच. झोपलेल्या लेकराला पाळण्यात ठेवावं तशी.

"हे काय, हेर एबर्ले?"

"शेवटचा घास. हे केल्याशिवाय मी तिला हलवत नाही. माझे वडीलही असंच करायचे."

ह्यांच्या तोंडात मी तुळशीचं पान ठेवलं तेव्हा नर्सनं विचारलं होतं, औषध आहे का? मी म्हटलं होतं, वाटेसाठी आहे. एबर्लेंना ते सगळं सांगितलं.

"ही तीच का, आमचे शेंडे खाणारी?" असं विचारणार होते. नाही विचारलं. मला सगळ्या सारख्याच दिसतात, त्यांना दिसत नाहीत.

म्हणाले, "तुमच्या मतामुळे मारली."

"हो."

"ठरलं की शिकाऱ्यानं नीट मारायचं. अर्धवट नाही."

मग बाकापर्यंत सोबत आले, माझ्या शेजारी बसले. थर्मासच्या झाकणातून चहा दिला. घेतला.

१९ डिसेंबर

एबर्लेंनी हरणाची मांडी आणून दिली, दरवर्षीसारखी. भाजलेलं खोबरं, खडा मसाला. बापलेक दोघे जेवायला. पहिल्या घासापासून भांडण!

"अजून कमी मारलीत, पापा."

"तू जेव."

"गेनाऊ, अगदी बरोबर! उत्तर नसलं की जेव."

किती दिवसांनी घरात आवाज झाला.

२२ मे २००५

थांबत थांबत गेले रानात. कुंपणाबाहेरच्या ओकांना नवी पालवी. काहींचे शेंडे शाबूत! लालसर, ओलसर, बोटाच्या पेराएवढे. बाकीचे खाल्लेत, खाऊ देत.

एबर्लेंना हाक मारून दाखवले. खूप वेळ बघत होते. "हं," म्हणाले. इथल्या श्वाबी मुलखातल्या माणसाचा हा मोठा उद्गार!

परतताना म्हणाले, "पुढच्या खेपेलाही मी विरोधच करणार. तोंडानं का होईना."

१२ जून

उद्या ऑपरेशन. ऊर्मिला येतेय. ही वही तिनंच वाचावी.

माझी मोरपंखी पैठणी ऊर्मिलाला. नेसायची, कपाटात ठेवायची नाही.

ह्यांची दुर्बीण कौमुदीला. नात जर्मनमध्ये उत्तर देते तर देऊ दे, हरणांना दोन्ही सारखंच.

मसाल्याचा डबा आणि पाटा माथियासला. कृती त्याला तोंडपाठ आहे, खोबरं मात्र करपवतो.

रानाचा तुकडा हेर एबर्लेंना. ऊर्मिला, रागावू नकोस. पुढच्या सभेत त्यांना हात वर करता येईल. कुठल्या बाजूनं, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. मी मान हलवणार नाही.

आणि मला तुळस. खिडकीतली थंडीत गेली. नवी मिळाली नाही तर ओकची डहाळी चालेल — कुंपणाबाहेरच्या झाडाची.