क्लाउडचं बिल अर्ध्यावर आणताना

३ जून, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
आज मीटिंगमध्ये ताई म्हणाली की क्लाउडचं बिल कापडाच्या बिलाला गाठायला आलंय. आम्ही मापाचे पडदे शिवतो. गिऱ्हाईक खिडकीचा फोटो पाठवतं, आमची वेबसाइट त्यावर पडदा लावून दाखवते. हे सगळं भाड्याच्या कॉम्प्युटरांवर चालतं, ते क्लाउड. महिनाअखेर बिल अर्धं झालं नाही, तर शिवणाऱ्या दोघींपैकी एकीला कमी करावं लागेल, असं ताई म्हणाली. मी उठून सांगितलं, "माझ्यावर सोड." ताई माझी सख्खी बहीण. डोळ्यांत पाणी आलं असावं. कपाळावर हात होता, त्यामुळे नीट दिसलं नाही.

४ जून
वेबसाइट सांभाळणाऱ्या इंजिनिअरबाईंनी तीन पानांची यादी दिली. क्लाउडवरचं कुठलं मशीन कशासाठी, कुठल्याला हात लावायचा नाही, वगैरे. वाचली नाही. मॅनेजरने याद्या वाचायच्या नसतात, करायला सांगायच्या असतात.

९ जून
शोध लागला! चौदा मशीनं चोवीस तास चालू. घरी एक पंखा चालू राहिला तर बायको डोकं खाते, इथे कुणाला काही वाटत नाही. नवा नियम: संध्याकाळी सहाला सगळं बंद. इतकं सोपं होतं.

१० जून
वेबसाइट सहापासून बंद पडली. लोक कामावरून घरी आल्यावरच खिडकीकडे बघतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इंजिनिअरबाई म्हणाल्या, सांगितलंय. पान दोन.
नियम मागे. तत्त्व मात्र बरोबर होतं.

१३ जून
आता साठवण. चार वर्षांचे खिडक्यांचे फोटो! लग्नाचे समजू शकतो. खिडकी ती खिडकी. सगळे उडवले. एकदम हलकं वाटलं.

१६ जून
मापं त्या फोटोंवरूनच घेतात म्हणे. एकतीस ऑर्डरी अडकल्या. थोरली शिवणारी सकाळपासून कात्री हातात घेऊन बसून होती, माझ्याकडे बघत. इंजिनिअरबाईंनी दुसरीकडे ठेवलेली प्रत शोधून फोटो परत आणले. परत आणण्याचंही भाडं लागतं. म्हणजे आपणच टाकलेली भांडी भंगारवाल्याकडून विकत घ्यायची. या धंद्यात माणुसकी नाही.

१८ जून
चूक कळली. मी मोजमाप न करता कामाला लागलो. आता आधी मोजणार. खर्चावर सेकंदासेकंदाला नजर ठेवणारं मशीन स्वतः सुरू केलं. लहान, मध्यम, मोठं, अतिप्रचंड असे पर्याय होते. नजर ठेवायची तर कंजुषी कशाला? अतिप्रचंड घेतलं. स्क्रीनवर लाल-हिरवे काटे नाचतात. ताईला दाखवलं. तिने विचारलं, हे कशावर चालतं? मी म्हणालो, तंत्रज्ञानावर.

२१ जून
काटा लाल. कालपेक्षा जास्त लाल. मी काहीच केलेलं नसताना खर्च वाढतोय, म्हणजे कुणीतरी आत घुसलंय. हॅकर! सगळ्यांचे पासवर्ड बदलले. नवे कागदावर लिहून ठेवले. कागद सापडत नाही. इंजिनिअरबाईंनी अर्धा दिवस घालवून सगळ्यांचे पुन्हा नवे काढले.
जिन्यात धाकटी शिवणारी भेटली. म्हणाली, "दादा, दुसरीकडे विचारून ठेवू का? समोरच्या दुकानात जागा आहे, पण आजच सांगायला हवं." मी म्हणालो, बिनधास्त राहा, मी आहे ना. ती हसली आणि गेली. समोरची जागा सोडून दिली असेल.

२६ जून, दुपार
इंजिनिअरबाई चहा घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. शांतपणे विचारलं, हे अतिप्रचंड मशीन कुणी सुरू केलंय? मी म्हणालो, तोच हॅकर, पकडा! त्यांनी मशीनचं नाव दाखवलं. माझंच नाव, पुढे 'नजर'. वाढलेला सगळा खर्च त्या एका मशीनचा. मशीन तिथल्या तिथे बंद केलं. त्या म्हणाल्या, ताईंना तुम्हीच सांगा. म्हटलं, उद्या.

२७ जून
ताई कापडवाल्याशी बोलत होती.

२८ जून
घसा बसलाय.

३० जून
मीटिंग. बिल आलं. अर्धं सोडा, दीडपट. ताईने चष्मा काढला आणि म्हणाली, मग धाकटीला सांगावं लागेल. ती दारातच उभी होती, गळ्यात मापाची टेप. माझं तोंड आपोआप उघडलं. मशीन माझं, फोटो मी उडवले, पासवर्डचा कागदही माझ्याकडूनच हरवला. सगळं एका दमात. घसा साफ सुटला.
ताईने चष्मा परत लावला. मग इंजिनिअरबाईंना विचारलं, किती दिवस लागतील? त्या म्हणाल्या, दोन. यांनी हात लावला नाही तर.

३ जुलै
दोन दिवसांत खरंच झालं. बिनकामाची मशीनं बंद, कामाची लहान केली, जुने फोटो स्वस्त जागी. बिल निम्म्याच्याही खाली येणार. दोघीही राहिल्या. धाकटीने मला बघून मान वळवली, पण शिलाई मशीनवर तिचा पाय जोरात चालू होता. बरं वाटलं. शेवटी कुणीतरी सुरुवात करावी लागते, ती मी केली.

६ जुलै
कॉम्प्युटर उघडेना. 'हे खाते बंद करण्यात आले आहे.' इंजिनिअरबाईंना फोन केला, म्हटलं, चुकून माझं खातं बंद झालंय. त्या म्हणाल्या, चुकून नाही. बंद करायच्या गोष्टींची यादी ताईंनी स्वतः बघून सही केली, त्यात तुम्ही सातवे होता.
मी विचारलं, माझ्या खात्याने असे कितीसे पैसे वाचणार?
म्हणाल्या, पैसे काहीच नाही. माझे रोजचे तीन तास वाचतात.