मालक सापडत नाही

मंगळवार, ११ ऑगस्ट
पुन्हा आपटलं! डेटाबेसमधली दोन टेबलं जोडायची, एवढंच काम. एकात लोहगडवाडीतली मुक्कामाची घरं, दुसऱ्यात नोंदणी केलेली माणसं. प्रत्येक घराला त्याचा मालक जोडायचा. जुनी माहिती नव्या मांडणीत हलवणारं मायग्रेशन निम्म्यात जातं आणि थांबतं — मालक सापडत नाही. पंधरा ऑगस्टच्या आत साइट सुरू झाली नाही तर सुट्टीची गर्दी हातची जाईल, आणि वाडीतल्या बायका आम्हाला पुन्हा दारात उभं करणार नाहीत.

तन्वीर म्हणाला, "अडलेली घरं उडव ना, नंतर बघू." भागीदार आहे म्हणून वाचला. अडलेल्यांत रतनबाईंचं घर आहे. सगळ्यांत आधी त्यांनीच आमच्यावर विश्वास टाकला होता.

बुधवार, १२
मालकाचा रकाना रिकामा चालेल असं करून पाहिलं. सुरळीत चाललं! पण बिनमालकाच्या घराचं बुकिंग कळवायचं कुणाला? सगळं मागे घेतलं. ये रे माझ्या मागल्या.

गुरुवार, १३
सापडलं!!

तुंगार्लीच्या ऑफिसात बसून सुटेना, म्हणून गाडी काढली आणि वाडीवर गेले. रतनबाई भाकऱ्या थापत होत्या. म्हटलं, मावशी, घराचे मालक भिमाजी लिहिलंय, ते कोण?

"आमचं मालक. त्यास्नी जाऊन लय वर्सं झाली की. तुमीच इचारलं न्हवं, मालकाचं नाव काय म्हनून?"

मालक म्हणजे नवरा! आमच्या घरी कुणी नवऱ्याला मालक म्हणत नाही, म्हणून डोक्यातच आलं नाही. बायकांनी नोंदणी स्वतःच्या नावाने केली आणि घराला नाव दिलं नवऱ्याचं. कोड बिचारा नोंदणीत भिमाजींना शोधत बसला.

शुक्रवार, १४
नावावरून जोडणं बंद. ज्या फोनवरून घर भरलं, त्याच फोनवरून माणूस जोडला. एका दमात आरपार! एकही घर मागे राहिलं नाही. "मालक" हा शब्दच साइटवरून हद्दपार केला, आता विचारतो — घर कोण चालवतं? तन्वीरने भजी खिलवली. खाताना त्याला दोनदा ऐकवलं, उडव म्हणाला होतास. फार बरं वाटलं.

शनिवार, १५
सकाळीच रतनबाईंचा फोन. पहिलं बुकिंग आलं, आणि बुकिंग कळवणाऱ्या मेसेजमधला तो शब्द काढायचा राहूनच गेला होता.

"अम्मारा, ह्यात 'नमस्कार मालक' लिवलंय. हे मला म्हनतंय व्हय?"

चुकलं मावशी, आत्ता काढते, म्हटलं.

'नमस्कार मालक,' त्यांनी स्वतःशीच म्हणून पाहिलं. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे."